पाद्री पळाला ते देऊळ

ऐका. आणि तो मोबाईल आधी विझव रे फिलिप, भुतं काय तुझ्या बॅटरीला भीत नाहीत.

कोटातून, फिरंग्याच्या त्या पडक्या शहरातून, जी पायवाट फादरच्या बंगल्याकडं जाते, तिची ही गोष्ट. आपला केळीवाला इनास, त्याच्यावर बेतलेली. तेव्हा तिशीतला होता, रेड्यासारखा दांडगा. घरात बायको आणि म्हातारी आय, कतरीनबाय. एके दिवशी अंधार पडला नि म्हातारीला धाप लागली. डॉक्टर बघून गेला, म्हणाला, ही सकाळ काय बघत नाही.

म्हातारीनं इनासचा हात धरला. "फादरला आण. मला पाप सांगायचंय."

"मला सांग की, आय."

"तुला नाय. तुला तर नायच."

काय गिळून बसली होती बाई एवढी वर्षं, कोणास ठाऊक! पण डोळ्यांत असं भय, की इनासला बघवेना. कंदील उचलला नि निघाला. रस्त्यानं बंगला तासाभराचा, कोटातून अर्ध्या तासाचा. बायको ओरडली, "अहो, कोटातून नका जाऊ!" ऐकतोय कोण? शिरला कोटात.

आता कोटातून का जायचं नाही, तिथलं ते देऊळ काय, ते सांगतो. मध्ये मध्ये विचारू नको, जुली. आपले म्हातारे चर्चला देऊळच म्हणत. चारशे वर्षांपूर्वी कोटात भरलेलं शहर होतं, आणि हे देऊळ तिथल्या गरिबांचं. कोळी, माळी, पाणके, हमाल, सगळे तिथं जात. मग वेढा पडला. तोफा चालल्या. जखमी, तापकरी, बायापोरं देवळात जमली. म्हणाली, पाद्रीबाबा, आमची पापं ऐकून घे, मग मरू दे. आणि पाद्री? चांदीचा पेला झग्यात लपवला नि रात्रीत होडीत बसून पळाला! माणसं पापं पोटात घेऊन, गुडघ्यांवर वाट बघत मेली; तशांना सुटका नसते. पुढं देवळाचे दगड पुलाला गेले, तुळया चुलीत गेल्या, जागेवर माड उठले. आज ते कुठं होतं, कोणाला बोट दाखवता येत नाही.

तर इनास माडांत शिरला. किण् किण् किण्. घंटी! मरणाऱ्याकडं फादर पवित्र भाकर घेऊन निघाले, की पुढं घंटी वाजत जायची. वाटेतल्यानं गुडघे टेकायचे, मान खाली घालायची, घंटी पुढं जाईस्तोवर उठायचं नाही. तशी रीतच होती. इनासला वाटलं, फादर निघालेसुद्धा! टेकले गुडघे. घंटी जवळून गेली. उठणार, तर मागून पुन्हा किण् किण्. पुन्हा टेकले. मग उजवीकडनं. मग डावीकडनं. अरे, दुसरा कोणी टारगट असता तर कधीच पळाला असता! हा भाविक, हेच नडलं. घंटी त्याच्याभोवती गोल गोल फिरतेय, आणि हा चिखलात गुडघ्यांवर. कंदिलातलं तेल संपलं तरी.

शेवटी घंटी थांबली. समोर पांढरा झगा. "चल इनास, आईकडं ने मला."

इनास रडलाच. चालू लागला. चालतोय, चालतोय. चिखल संपला, पायाखाली फरशी आली. वर बघतो, तर छप्पर! मेणबत्त्या! आणि माणसं, खचाखच, सगळी गुडघ्यांवर, सगळ्यांची तोंडं दाराकडं. वळून बघतो, तर झगा नुसताच उभा. आत कोणी नाही!

एक बाई शेजारणीला म्हणाली, "सरक गं, नवीन माणूस आलंय."

"मी नाय! मी जिवंत हाय!"

"तू नाही रे. तुझ्या मागं."

मागं दारात कतरीनबाय.

"आय!"

"फादर आले का रे?"

इनासनं रिकाम्या झग्याकडं बोट केलं. म्हातारी "बरं" म्हणाली, आणि बाईनं केलेल्या जागेत गुडघे टेकून बसली. इनासनं तिचा दंड धरून ओढलं. "मला सांग, आय! मी ऐकतो!" अरे देवा! असं म्हणायला नको होतं. मेल्यापासून पहिल्यांदा त्यांना कोणी 'ऐकतो' म्हणालं. सगळं देऊळ त्याच्यावर धावलं. "आधी माझं ऐक! माझं ऐक!" सदरा फाटला, श्वास कोंडला. शेवटी म्हातारीनंच त्याला दोन्ही हातांनी दाराबाहेर लोटलं.

उजाडलं तेव्हा इनास एका माडाखाली, अंगावर सदऱ्याच्या चिंध्या. धावत घरी आला. अंगणात माणसं जमलेली. आणि खाटेजवळ कोण? फादर! हा परतत नाही बघून बायकोनं शेजाऱ्याला रस्त्यानं पाठवलं होतं. फादर म्हणाले, "दहा मिनिटं उशीर झाला रे मला. शेवटपर्यंत दाराकडं बघत होती म्हणतात."

इनासनं त्यांचे पाय धरले. तीनदा कोटात नेलं, दिवसा नेलं, रात्री नेलं. नुसते माड! फादरनी माडाखाली प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं. इनास म्हणाला, "इथं नाय हो फादर. इथं कोण नाय." कतरीनबाय अजून त्या देवळातच बसलीय, आणि तिच्यापाशी जायला आपल्यातल्या कोणालाच वाट नाही.

म्हणून सांगतो पोरांनो, घरात कोणी मरत असलं तरी रस्त्यानंच जा. उशीर होईल? होऊ दे. आणि कधी चुकून त्या माडांत घंटी ऐकलीत, तर गुडघे टेकू नका. पाप लागलं तर लागू दे. पळा!