चौथी तार

नाव नका सांगू, मास्तर. कोणी पाठवलं हे मी विचारलेलंच नाही, मग घाम कशाला पुसताय? मास्तर म्हटलेलं चालेल ना — उजव्या बाहीला खडू दिसला म्हणून म्हटलं, पिठाची गिरणी असती तर दोन्ही बाह्या भरल्या असत्या. हं. तर चिठ्ठी काय म्हणते — फ्लुरोकार्बनचा तंगूस, म्हणजे गळाची दोरी, चार वेगवेगळ्या जाडीचा, प्रत्येकी दोन हात. आणि हे कशाला, तर मासे धरायला. असं तुम्हीच म्हणालात आत्ता, मी नाही. अहो, दोन हात तंगुसाने मासा धरायचा म्हणजे मासा आपणहून तुमच्या मांडीवर येऊन बसायला हवा. पण असतीलही बाबा, तुमच्या शाळेत शिकलेले मासे असतील. माझं काय, मी गळ विकतो, शिसं विकतो, रिळं विकतो, चौकशा करत नाही. बसा त्या स्टुलावर. एक पाय आखूड आहे त्याचा, तेव्हा बसा म्हणजे नुसते टेका.

चष्मा न लावता चिठ्ठी वाचली कशी, असं वाटलं ना तुम्हाला? त्याचं असं आहे, हे अक्षर मी चड्डीत होतो तेव्हापासून वाचतोय. हा सात बघा, कमरेला पट्टा बांधलेला. या गावात सातला पट्टा बांधणारी माणसं दोनच, त्यातला एक मी. बाबांची सक्ती होती — सात आणि एक यांत घोळ झाला की गिऱ्हाइकाला भलताच गळ जातो म्हणून. दुसरा राहतो मागच्या गल्लीत, निळ्या दाराच्या खोलीत, वाद्यं दुरुस्त करतो, पोरांना युकुलेले, ते चार तारांचं बुटकं गिटार, शिकवतो — आणि पोक्त पोरांनाही, डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडलेत तुमच्या, लपवू नका. तो माझा धाकटा भाऊ. झालं, तुम्ही सांगितलं नाही, मी विचारलं नाही, कोणाची शपथ मोडली नाही. सहा वर्षं आमचं बोलणं नाही. पण तार लागली की माणूस येतं — कधी पोस्टमन, कधी दाताच्या डॉक्टरची बायको, एकदा तर साक्षात पोलीस पाठवला होता त्याने, आणि सगळे आपले मासेमार. गावातले सगळे रसिक माझ्याकडून दोन-दोन हात तंगूस नेतात आणि आजवर एकाच्याही गळाला बोंबील लागलेला नाही. मी प्रत्येकाला वीतभर जास्तच कापून देतो. छे, प्रेमबीम नाही. कात्री घसरते.

आणि खोकला कसा आहे त्याचा? नाही, सहज विचारलं. गल्लीतून जाताना ऐकू येतो. मी रोज त्याच गल्लीने जातो, जवळ पडते — म्हणजे लांब पडते खरं तर, पण सावली असते. सांगू नका काही. आपण तार बघू.

मला यातलं काही कळत नाही, असं सांगितलंच असेल त्याने. 'दादाला माशाचं कळतं, सुराचं नाही' — वाक्य पाठ आहे मला, आमच्या घराण्याचं ब्रीदवाक्य म्हणा ना. बरं, आलाच आहात तर हे बघा. काउंटरखालचा खण, वर गळांचे डबे आणि खाली हे. बाबांचं युकुलेले. सगळं रामायण याच्यावरून. बाबा गिऱ्हाईक नसलं की वाजवायचे, तुम्ही टेकलाय त्याच स्टुलावर, तेव्हा त्याचे पाय धड होते. वाजवायचे म्हणजे काय, चार तारांवरून अंगठा फिरवायचे, वरून खाली, बास. पण आवाज — कसं सांगू — जिना उतरायला लागण्याआधी माणूस एकदा वर बघतो ना, कोणी हाक मारली का म्हणून, तसं काहीतरी आधी व्हायचं आणि मग उतरणं सुरू व्हायचं. मी इथे शिशाचे गोळे मोजत बसलेलो असायचो आणि दर वेळी माझी मोजणी चुकायची. मोजणी चुकली तरी बाबा ओरडायचे नाहीत, फक्त तेवढ्या वेळेपुरते. मग ते गेले. वाटणी झाली, दुकान मला, खोली त्याला, भांडीकुंडी, कपाटं, सगळं शहाण्यासारखं झालं आणि टेबलावर हे एवढंच उरलं. धाकटा म्हणाला, तुला वाजवता येत नाही, मला दे. मी म्हटलं, वाजवणारे गल्लीगल्लीत आहेत, बाबांचा आवाज यातून जो काढेल त्याचं हे, तोवर माझ्याकडे राहील. आत्या साक्षीला होती, आत्या म्हणाली, ठरलं. धाकटा म्हणाला, आण इकडे, आत्ता काढून दाखवतो. नाही दिलं मी. का नाही? कारण दिलं असतं तर त्याने काढून दाखवला असता. तेवढं कळतं मला, मूर्ख असलो तरी दुकानदार आहे.

तोंड असं करू नका, मास्तर. मी काही हातावर हात ठेवून बसलो नाही. दर गुरुवारी दुपारी — आजही, तुम्ही वाकूनच आत आलात ना — शटर अर्धं ओढून वाजवून बघतो, आणि दीड-दोन महिन्यांनी तारा बदलतो. ही वही. त्रेचाळीस नोंदी — तारीख, तार कसली, जाडी किती, ताणून स्थिर व्हायला किती दिवस लागले, आणि शेरा. शाळा तपासणीला येणारे साहेब एवढं लिहीत नसतील. ऐका. नोंद एक, साधा नायलॉन. शेरा: ओला रुमाल. नोंद सात, पाकिटातल्या तयार तारा, पाकिटावर समुद्र, झाडं, हसणारी बाई. शेरा: पाकीट बरं वाजतं. नोंद बारा, फ्लुरोकार्बन. हा बरा असतो, मास्तर, जड असतो, पाण्यात चटकन बुडतो, आणि जड असल्यामुळे नायलॉनला जिथे जाडजूड तार लागते तिथे हा बारकी तार घेऊन भागवतो — शेरा: तीन तारा स्वच्छ, चौथी म्हणजे पिंपात बेडूक. नोंद एकोणीस, चौथीला धातूची वेटोळी असलेली तार. शेरा: शेजारचे विचारून गेले, फ्रीज बिघडलाय का. नोंद सव्वीस, रॅकेटची जाळी विणायची दोरी — हसा, हसा, ही पण हसली होती आधी. शेरा: हिने माहेरी जायची भाषा केली. नोंद सत्तावीस, ही गेल्यावर निवांतपणे पुन्हा तीच दोरी. शेरा: हिचं बरोबर होतं.

चौथी. सगळं घोडं चौथीपाशी अडतं. आता तुम्ही म्हणाल बाबांची जुनी तार मोजली का नाहीस. मोजली असती, असती तर. त्यांच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत यावर तीनच तारा होत्या. चौथी, ही इथली, वाद्य छातीशी धरलं की सगळ्यांत वर येते ती, केव्हाच तुटलेली, आणि त्यांचे हात थरथरायला लागल्यावर बसवणार कोण — धाकटा गावाबाहेर वाद्यदुरुस्ती शिकायला आणि मी, मला माशाचं कळतं. उरलेल्या तीन मी मायक्रोमीटरने मोजल्या. सगळ्यांत खालची बारीक. तिच्यावरची थोडी जाड. तिसरी त्याहून जाड. मग चौथी कशी? तुमच्या पहिलीतल्या पोराला विचारा, तेही सांगेल — आणखी जाड. बारीक तारेचा सूर वरचा, जाड तारेचा खालचा, पायऱ्या आहेत त्या, एकेक उतरत जायच्या. म्हणून सहा वर्षं मी वेगवेगळ्या जाड तारा घेऊन चौथीच्या मागे लागलोय. ही म्हणते फोनमध्ये बघा, सगळं मिळतं. म्हटलं, माझ्या बाबांचा आवाज फोनवाल्याला कुठून ठाऊक? म्हणते, मग भावाला विचारा. — चहा घेणार का? नाही? बरं.

तर तुमची चिठ्ठी. आजवर एकेका तारेचाच आकडा यायचा, चारही ओळीने आज पहिल्यांदाच. वाचतो. पहिली बावन्न, म्हणजे मिलिमीटरच्या शंभर भागांतले बावन्न. दुसरी सहासष्ट. तिसरी एक्क्याऐंशी. बघा आता माझी नोंद त्रेचाळीस, गेल्याच गुरुवारची — बावन्न, सहासष्ट, एक्क्याऐंशी. शब्दाला शब्द. सहा वर्षं घासून मी जिथे पोचलो तिथे हा आधीच खुर्ची टाकून बसलाय, चोर लेकाचा. इथपर्यंत ठीक. आणि चौथी? सत्तावन्न. सत्तावन्न, मास्तर. पहिलीपेक्षा केसभर जाड. म्हणजे जिना उतरत उतरत तिसऱ्या पायरीवर आलो आणि चौथी पायरी गच्चीवर. हे आमचे वादनाचार्य. वय झालं, दुसरं काय, पट्ट्याचा सात तेवढा नीट काढला आणि आकडा चुकला. पंच्याण्णव लिहायचं असेल. — काय? मान कसली हलवताय? बरोबर आहे? तुमच्या युकुलेल्यालाही हीच असते? कोणी बसवली, त्यानेच ना? मग झालं तर. आंधळ्याने वाट दाखवली, लंगडा धावत सुटला.

नाही, थांबा आता. उठू नका. सत्याचा एकदाच सोक्षमोक्ष लावून टाकू. बाकीच्या तीन तारा याच आहेत यावर, बदलायची फक्त चौथी, दोन मिनिटांचं काम. तुम्ही शिकलेसवरलेले, तुमच्या कानांनी ऐका आणि निळ्या दारावर जाऊन सांगा कशी वाजते ते. ही गेली माझी जाड तार. हे सत्तावन्नचं रीळ. हा तंगूस निसरडा असतो, साध्या गाठीत राहत नाही, म्हणून मी गळाला मारतात ती गाठ मारतो — त्याला नाही येत ही, त्याच्या तारा सुटतात, सुटतात ना? खरं सांगा. सुटतातच. ही पिळली. आता माझ्या नेहमीच्या सुरावर आणतो. बघा, म्हटलं नव्हतं? लोळतेय. पंचा वाळत घातलाय दोरीवर. एवढीशी तार, तिला खालच्या सुरात उभंच राहवत नाही. लिहू का शेरा? नोंद चव्वेचाळीस — काय? वर बोट काय दाखवताय? अजून ताणू? तुटेल. तुटो म्हणा, तार त्याच्या चिठ्ठीतली आहे. डोळे सांभाळा. ताणतोय. अजून? अहो, तिसरीच्या वर गेली ही. दुसरीच्या वर गेली. आता पहिलीला जाऊन चिकटणार. बास? इथे? बरं, सूर तोच आहे म्हणा, माझाच, फक्त वरच्या मजल्यावर राहायला गेलाय. बघा हं आता गंमत. अंगठा, वरून खाली —

थांबा. गाठ घसरली असेल.

पुन्हा वाजवतो.

तुम्ही बोलू नका — तुम्ही बोलतच नाही म्हणा.

पुन्हा.

बेकार आहे. नाही का? डबा आहे नुसता. तुम्हाला काय वाटलं? असं काय बघताय, तुम्ही बाबांना ऐकलेलं नाही, तुम्हाला काय कळणार. त्यांना ऐकलेली माणसं तीन. आत्या गेली मागच्या वर्षी. उरलो दोघं, आणि तो काही इथे नाही. म्हणजे हिशेब सरळ आहे, मास्तर. ही कात्री. एकदा दाबली की चौथी गेली, वहीत शेरा पडला, 'चव्वेचाळीस, बेकार', आणि पुढच्या गुरुवारी पंचेचाळीस. कोणी विचारणार नाही. तुम्ही तुमचे मासे धरायला मोकळे. आणि मीही काही वाईट माणूस नाही, मी सहा वर्षं प्रामाणिकपणे चुकीची तार शोधली आहे, तिच्यात माझी काय लबाडी? तुमच्यासमोर सांगतो, शेवटची दोन वर्षं तर मी शोधतही नव्हतो नीट. सापडलं की द्यायला लागणार. सापडलं नाही तर गुरुवार आहे, शटर अर्धं आहे, आणि मागच्या गल्लीतून कोणीतरी चिठ्ठी घेऊन येणार आहे.

गोळे मोजून बघू का? काही नाही. स्वतःशीच म्हटलं.

त्याला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. बाबांच्या अंगठ्याकडे बघत तो बसायचा, मी शिशाकडे. आणि सहा वर्षं तो इथूनच हे नेतोय, माझ्याच रिळातून, माझ्याच हाताने मोजून — वीतभर जास्त — आणि कधी एका शब्दाने म्हणाला नाही. हसला असेल का, मास्तर? माझ्या नावाने हसतो का तो कधी, शिकवताना? नाही? कधीच नाही? हसायला हवं होतं. मी हसलो असतो.

द्या ती चिठ्ठी. नाही, ती इथेच राहील. ही घ्या तुमची दोन-दोन हात, चारही गुंडाळ्या, बांधून दिल्यात. हे खिशात टाका आणि सरळ निळ्या दाराशी जा. वाटेत थांबू नका, कोणी मास्तर म्हणून हाक मारली तरी. त्याला सांगा — दादाने बोलावलंय, असं नका सांगू, मी कोणाला बोलावलेलं नाही. युकुलेले तयार आहे, असंही नको. फक्त एवढं सांगा, चौथी बारीक होती. बास. त्याला कळेल. नाही कळलं तर पुन्हा सांगा, चौथी बारीक होती, दुकान साडेसहापर्यंत उघडं आहे. आणि तुम्ही त्याच्याबरोबर येऊ नका. तुमचं काम झालं. निघा आता, मला शटर पूर्ण वर घ्यायचंय.