ओझ्यातली बिस्किटं

नको नको, गोकुळदासबाब, टोपली तिथेच असू द्या, मी नेतो मागाहून आत — आणि त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, इथे बसा. तुम्ही स्वतः मोरजीहून डिचोलीपर्यंत आलात तेव्हाच समजलं मला. विहीणबाई रागावल्या. रागावणारच! सुनेची पहिली चवथ, तिच्या माहेरचं ओझं, फराळाची भेट, येणार म्हणून वाड्यावरचं घर न् घर वाट बघतंय, आणि टोपलीवरचं फडकं काढतात तर नेवऱ्या-करंज्या नाहीत, लाडू नाहीत — बिस्किटं! काय म्हणाल्या? आजाऱ्याचं खाणं गणपतीपुढे ठेवायला दिलं? म्हणणारच. आमची ही असती तर हीसुद्धा तेच म्हणाली असती. पण ही असती तर ओझं हिने केलं असतं, मी कशाला या वयात बिस्किटं भाजत फोर्नापुढे उभा राहिलो असतो?

जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं हो मी, आणि नाचणीचं पीठ काही तांदळाच्या पिठाला धरून राहीना! गव्हात जो चिकटपणा असतो ना, तोच आमच्या प्रियाच्या आतड्यांना सोसत नाही — डॉक्टरांनी तुमच्यादेखत सांगितलं, तुम्ही मानही हलवली होती — आणि तोच नसला की बिस्किटाला बोट लावलं की भुगा. पहिल्या खेपेचा भुगा झाला, दुसऱ्या खेपेचे दगड. मग केळी कुस्करून घातली, खोबरं वाढवलं, तेव्हा कुठे जमली. जमली होती ना? तुम्ही एक तरी खाल्लंत का? ... नाही. असू दे. माझीही खात्री नव्हती. मला कसलीच नसते.

मला वाटलं — माझंच चुकलं असेल — की नेवऱ्यांशेजारी तिचा वेगळा डबा दिला तर बायका बोट दाखवतील, ही बघा नाजूक पोटाची सून. म्हणून सगळंच तिला चालेलसं केलं. सगळे खातील, त्यांच्यात बसून तीही खाईल. आणि एवढं शिकून एक साधी गोष्ट विसरलो बघा — ओझं असतं वाड्यावर वाटायला! सुनेला त्यातलं उरतंय कुठे? माझी बिस्किटं घरोघर गेली, घरोघरच्या नेवऱ्या तुमच्याकडे आल्या, आणि कुणीतरी म्हटलं असणार, खा गो बाय, देवाचा प्रसाद, एका नेवरीने काय होतंय? खाल्ली तिने. आता पोट धरून पडलीय. ... मला कसं कळलं? कळतं हो. बापाला कळतं.

बरं, तुमचं म्हणणं काय? ही टोपली नेवऱ्यांनी भरून द्यायची, विसर्जनाआधी, म्हणजे विहीणबाईंना वाड्यावर तोंड दाखवता येईल? देतो. बाजारातून आणतो, मैद्याच्या, तुपात तळलेल्या, हव्या तेवढ्या भरा! फक्त प्रियाला थोडे दिवस इकडे पाठवा. एवढंच. बरी झाली की मी स्वतः आणून सोडतो. ... तिथे तिला काय कमी आहे? असं विचारताय तुम्ही? मला?

सांगतो काय कमी आहे. दुपारचा भात तेवढा तिचा. सकाळी पाव, संध्याकाळी पाव, रात्री चपात्या, आणि नको म्हटलं की ताटावरून उठलेली माजोरडी सून! गहू कुणाला बाधतो, अख्खा गोवा पावावर जगतो — विहीणबाईंचेच शब्द ना हे? आणि जावई माझा, गौरेश, तोही चारचौघांत हसतो म्हणे, आई, चोचले आहेत तिचे. आणि तुम्ही? तुम्ही आपलं जेवत राहता. आजही बसलाय नुसते हात गुडघ्यांवर ठेवून! मग ती जगते कशावर असं कधी वाटलं नाही तुम्हाला? माझ्या बिस्किटांवर जगतेय ती, गोकुळदासबाब! दर आठवड्याला डबा जातो इथून, गाडीच्या सीटखाली घालून नेतो तो, आपल्या आवयला, आईला दिसू नये म्हणून अंधार पडेपर्यंत बाहेर थांबतो, आणि वर तिच्यासमोर चोचले म्हणून हसूनही दाखवतो बिचारा —

...

कोण? तो म्हणजे... मी नाव कुठे घेतलं? एक ओळखीचा आहे, तुमच्याच बाजूला जातो कामाला, त्याच्याकडे... नाही हो. माझ्याकडे असं बघू नका.

मनाने वाईट नाही तो. भितो. घरात भांडण नको म्हणून दोन्हीकडे हो म्हणतो. मीही तसाच, मला कळतं त्याचं. विहीणबाईंना सांगू नका — तो डबा बंद झाला तर पोरीने खायचं काय? ... उठलात? टोपली भरतो म्हटलं ना, आजच भरतो, बसा तरी. ... फोन कुणाला लावताय? गोकुळदासबाब, पाया पडतो तुमच्या, गौरेशला आत्ता नका —

... लागला?