बदीर इस्त्रीवाल्याची कालव्यावरची पोरगी

आता तुम्हीच सांगा बायांनो, लोकांना ऐकायचंच नसेल तर माणसानं गाणं रचावं तरी कशाला? आमच्या महल्ला गावात सूतगिरणीच्या मागच्या गल्लीत एक होता बदीर, आणि एक होती त्याची बायको तफीदा, आणि दोघांच्या मधे एक कोळशाची इस्त्री. ती दिवसभर तापलेली असायची म्हणतात, पण मी शेजारीच राहते, तफीदा जास्त तापायची. बदीर काय करायचा, पाण्याचा घोट तोंडात घ्यायचा, फुर्रकन कपड्यावर फवारायचा, इस्त्री दाबायचा, आणि पुढच्या घोटाआधी जेवढं तोंड रिकामं तेवढ्यात एक ओळ गुणगुणायचा. असं घोटाघोटानं त्यानं बारा कडव्यांचं एक गाणंच रचलं. एक पोरगी कालव्यावर पाण्याला जाते, तिचा माणूस दारात वाट बघतो, ऊन उतरतं, बाया परत येतात, ही काही येत नाही... आणि बाराव्या कडव्यात काय होतं म्हणता? तेच तर. बाराव्यापर्यंत कुणी जाऊच देईना, आणि पोरगी बसली कालव्यावर.

तुम्हाला सांगते, एवढं एकच मागणं होतं त्याचं देवाजवळ. एकदा, फक्त एकदा, चारचौघांनी गाणं शेवटापर्यंत ऐकावं.

पहिल्यांदा तो गायला शिंप्याच्या लग्नात. आमच्याकडची लग्नं कशी ते ठाऊकच आहे, गाणं मधोमध असताना कुणीतरी पाहुणा उठतो, पुकारा करणाऱ्या खमीसच्या हातात नोट सरकवतो, की लगेच गाणं बंद आणि त्याच्या नावानं सलाम सुरू. बदीरनं डोळे मिटले, पोरीच्या डोक्यावर घागर ठेवली, एवढ्यात खमीसनं त्याच्या हातातला माईकच ओढून घेतला. "थांब रे बदीर. नव्या बाजारच्या खाटकांना सलाम, त्यांच्या वडिलांना सलाम, त्यांच्या सुऱ्यांना सलाम." आता खाटकांना सलाम मिळाल्यावर रंगारी गप्प बसतील? त्यांचा परत सलाम. मग रंगाऱ्यांच्या गावाला सलाम. मग ज्यांचा जावई सैन्यात आहे त्यांना, मग त्या जावयालाच. बदीर आपला उभा, एक डोळा मिटलेला, एक उघडा, की आता माईक परत देतील, मग देतील... ताटं वाढली की हो. पोरगी बसली कालव्यावर.

दुसऱ्या लग्नात त्यानं ठरवलं, घाईनं म्हणायचं. असा सुटला, असा सुटला, की नवरदेवाची आजी म्हणाली, "अगं, त्या पोराला पाणी द्या, काहीतरी अडकलंय घशात." दिलं पाणी. पाठीवर गुद्देही घातले. मग गेला कॉफीच्या दुकानात, म्हटलं तिथे तरी सलामाची भानगड नाही. तर डाव मांडून बसलेला म्हातारा म्हणतो, "बदीर बाळा, जरा हळू, सोंगट्या दिसत नाहीत मला." गाण्यानं सोंगट्या दिसेनाशा होतात, ऐकलंय कधी?

घरी आला तर तफीदा. "काय म्हणते तुझी ती? आली का पाणी घेऊन? मी तीन घागरी भरून आणल्या, माझ्यावर कुणी गाणं नाही रचलं. अरे, लोकांना तुझी पोरगी नकोय. त्यांना त्यांचं स्वतःचं नाव हवंय. आता हाजी अतवाच्या लेकीचं लग्न तेवढं शेवटचं. तिथेही तोंडघशी पडलास तर या तोंडातून पाण्याची चूळ निघेल, सूर नाही. खा माझी शपथ."

खाल्ली बिचाऱ्यानं. पण बोलणं डोक्यात घुसलं. नाव हवंय ना? मग गाण्यातच घालतो नावं. खमीस थांबवणार कशासाठी? लागला कामाला. जो झगा इस्त्रीला येईल त्याच्या मालकाला, "काका, तुमचे आजोबा कुठल्या गावचे? धंदा काय?" लोकांना वाटलं सोयरीक बघतोय.

आणि हाजी अतवाच्या मांडवात बायांनो, जे झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलं. बदीरनं सुरू केलं, पोरगी कुठेच नाही, सगळं सलामांचंच गाणं, या घराला, त्या गल्लीला, आणि मांडव चिडीचूप. हातातला तामियाचा वडा हातात. रडणाऱ्या पोरांच्या तोंडावर पदर. अहो, जो तो आपलं नाव कधी येतं म्हणून कान देऊन बसलेला. खमीस नुसता हात चोळत उभा. आणि गाणं... संपलं. शेवटच्या ओळीपर्यंत. बदीरच्या डोळ्यांतून पाणी, दोन्ही हात छातीवर.

तेवढ्यात नवरीचा मामा उठला. जग्लूल मामा, हा एवढा माणूस. "मी नवरीचा मामा. माझं नाव खाटकांच्या नंतर?"

"मामा, आधी बसत नव्हतं हो चालीत."

"मला चालीत बसवतोस?"

पहिली खुर्ची मामांनी फेकली. खाटकांनी ती झेलली आणि परत पाठवली. बदीर व्यासपीठाखाली, आणि व्यासपीठाखाली आधीच खमीस. "सरक जरा," खमीस म्हणाला, "कलाकार आहेस ना आता."

दुसऱ्या दिवशी बदीर दुकानात असा बसला होता, तोंडात पाणी धरून, गिळेना का थुंकेना. शपथ म्हणजे शपथ. आणि दारात कोण? जग्लूल मामा, कपाळाला पट्टी. बदीरनं घाबरून घोट गिळला.

"माझ्या पोराचं लग्न आहे," मामा म्हणाले. "मला पहिला घाल. खाटकांना घालूच नकोस."

मामा वळले नाहीत तोच खाटीक. मग रंगारी. मग सैन्यातल्या जावयाचा सासरा. नोटा बघून तफीदानंच शपथ सोडवली. आज त्याच्याशिवाय महल्ल्यात मांडव पडत नाही, तफीदाच्या हातात सोन्याच्या बांगड्या आहेत, गच्चीवर नवी खोली आहे, आणि इस्त्री थंड. प्रत्येक गाणं लोक शेवटापर्यंत ऐकतात, श्वास रोखून. आणि पोरगी? बसलीये की कालव्यावर.

परवाच्या दुपारी तफीदा मुलुखियाची भाजी निवडत होती, मीही बसले होते. बदीर म्हणाला, "तफीदा, ते जुनं गाणं तू तरी ऐक. पुरतं. बाराही कडवी."

तिनं हातातली भाजी खाली ठेवली. खरंच ठेवली. पदर सारखा केला. "म्हण बाबा, ऐकते. पण आधी माझ्या भावाला सलाम घाल."

बदीरनं घसा खाकरला आणि मला विचारलं, "आजी, तिच्या भावाच्या सासऱ्यांचं गाव कुठलं हो?"