मांजर कुठंय? पलंगाखाली!

...आणि वर मलाच विचारतात, "काय हो गुरुदत्तकाका, मांजर पाळलंय म्हणे, दिसत नाही कुठं?" अरे, दिसेल कसं! दिसायला ते बाहेर तर यायला हवं ना! सहा आठवडे, तुम्हाला सांगतो, सहा आठवडे आमच्या घरात मांजर आहे हे मी आणि आमची ही, म्हणजे बायको, आम्ही दोघं लोकांना शपथेवर सांगत होतो. ताटली रिकामी होते, म्हणजे मांजर आहे. शी-शूचा डबा भरतो, म्हणजे मांजर आहे. अहो, देव आहे म्हणून सांगायला सुद्धा इतके पुरावे नाहीत! पण मांजर कुठंय? पलंगाखाली!

थांबा, नीट सांगतो, नाहीतर म्हणाल काका नेहमी मधूनच सुरू करतात. आम्ही राहतो ईडन प्रेरीला, मिनेसोटात. तिथला हिवाळा म्हणजे... जाऊ द्या, नोव्हेंबरात मिशीचा बर्फ होतो एवढं सांगितलं की पुरे. तर थँक्सगिव्हिंगला आमची लेक रुही शिकागोहून आली, गराजमध्ये बॅग काढायला गेली आणि तिथूनच किंचाळली, "बाबा! देअर्स समवन लिव्हिंग बिहाइंड द स्नोब्लोअर!" समवन! बर्फ उडवायच्या यंत्रामागे कोणीतरी राहतंय! मला वाटलं चोर! मी आपला बर्फाचं फावडं उगारून धावलो, बघतो तर काय, गेल्या वर्षीच्या गणपतीच्या मखरात, थर्माकोलच्या कमानीखाली, साक्षात बाप्पाच्या जागेवर एक राखाडी गोळा बसलेला. दोन पिवळे डोळे, एक कान धड आणि दुसऱ्याचं टोक थंडीनं झडलेलं. आणि मला बघून काय म्हणावं त्यानं? "फिस्स्स!" माझ्या गराजमध्ये, माझ्या मखरात बसून, मलाच फिस्स!

मी म्हटलं, राहू दे, उन्हाळा आला की जाईल आपोआप. रुही म्हणाली, "बाबा, इट्स गोइंग टू बी मायनस ट्वेंटी. शी विल डाय हिअर." आणि डोळ्यांत टचकन पाणी. आता मला सांगा, पोरीच्या डोळ्यांत पाणी आल्यावर कुठला बाप टिकलाय? मीही नाही टिकलो. लगेच फोन झाले, पिंजरा आला, पिंजऱ्यात मासे ठेवले, मांजर सापडलं, डॉक्टर झाला, इंजेक्शनं झाली, ऑपरेशन झालं आणि ते मांजर येऊन पडलं कुठं, तर आमच्या पाहुण्यांच्या खोलीत! "बाबा, इट्स जस्ट फॉर सिक्स वीक्स हां!" असं म्हणून पोरगी गेली शिकागोला. जस्ट! या देशात 'जस्ट' म्हणतात ना, तेव्हा समजायचं की आपण मेलो.

पिंजरा घेऊन आली होती ती मार्लिस. मांजरांच्या संस्थेत काम करते, सत्तरीची बाई, लालबुंद गाल, स्वेटरवर सुद्धा मांजरच विणलेलं आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याची शुगर वाढावी. "ओऽऽ गुरू! शी इज फेरल, यू नो." फेरल म्हणजे रानटी, जन्मात माणसाचा हात लागलेला नाही. मग तिनं नियम सांगितले. धरायचं नाही. ओढायचं नाही. टक लावून बघायचं नाही, त्याला ती धमकी वाटते. बघायचंच झालं तर हळूऽऽच डोळे मिटायचे आणि हळूऽऽच उघडायचे, मांजरांच्या भाषेत ते प्रेम. जमिनीवर बसायचं. दूध द्यायचं नाही. मऊ आवाजात काहीतरी वाचून दाखवायचं. आणि सहाव्या आठवड्याच्या शनिवारी मी बघायला येईन, मांजर आपणहून माणसाजवळ आलं तर ते घरात राहण्याच्या लायकीचं, तुमचंच. नाही आलं तर दोन तासांवर एक शेत आहे, तिथल्या गोठ्यात सोडू. खायला मिळेल, उंदीर मिळतील, माणूस मात्र नाही. मी मनात म्हटलं, बाई, सहा आठवडे कशाला, आजच न्या की!

आणि मांजर? पिंजऱ्याचं दार उघडल्याबरोबर सुंऽऽ करून पलंगाखाली! आता आमच्या पलंगाखाली काय असतं तुम्हाला माहीतच आहे, तुमच्याही असतंच. इंडियाला न्यायच्या दोन बॅगा! कायमच्या अर्ध्या भरलेल्या! चॉकलेटं, व्हिटॅमिनच्या गोळ्या, मेहुण्याचे बूट. त्या दोन बॅगांच्या मधल्या फटीत बाईसाहेबांनी मुक्काम ठोकला.

माझं काम घरूनच, तेव्हा ही म्हणाली, "अहो, तुम्ही तसेही दिवसभर बसलेलेच असता, त्याच खोलीत बसा, तेवढीच त्याला सोबत." बसलो! एकोणसाठाव्या वर्षी कार्पेटवर मांडी घालून बसलो, पलंगाला पाठ लावून, मांडीवर लॅपटॉप. बसणं जमतं हो, उठणं जमत नाही! आधी एक हात पलंगावर, मग एक गुडघा, मग देवाचं नाव, मग दुसरा गुडघा. आणि ते डोळे मिटणं! इतका सराव केला, इतका सराव केला की ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर पण व्हायला लागलं. मॅनेजर, तिशीतलं पोरगं, मला विचारतंय, "गुरू, आर वी कीपिंग यू अप?" म्हणजे, आमच्यामुळे तुमचं झोपायचं राहिलंय का! आता त्याला काय सांगू, अरे बाबा, हे प्रेम आहे! आणि हिचं वेगळंच. "मांजराकडे बघून बरे डोळे मिटताय! माझ्याकडे बघून एकोणतीस वर्षांत कधी मिटलेत?" मी म्हटलं, तुझ्यासमोर डोळे उघडे ठेवावे लागतात. झालं! त्या दिवशी मांजर पलंगाखाली आणि मी सोफ्यावर.

मग वाचन. वाचायला घरात काय? तर मी पडलो आमच्या मराठी मंडळाच्या अंकाचा संपादक. सदतीस कविता आल्या होत्या, सदतीस! त्यातल्या एकतीस मातृभूमीच्या आठवणीच्या. म्हटलं, प्रुफं तपासायचीच आहेत, मोठ्यानं तपासू. तर तुम्हाला सांगतो, मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा असा श्रोता मिळाला, जो मधे उठून गेला नाही. दार बंद होतं, ती गोष्ट वेगळी. तिसऱ्या आठवड्यात पिठल्यावरची एक कविता वाचत होतो, आणि बॅगेमागून शेपटीचं टोक बाहेर आलं. थांबलो, टोक आत. परत वाचली, टोक बाहेर! अकरा वेळा वाचली हो ती कविता, मला पाठ झाली! कवीचा फोन आला, "काका, कविता कशी वाटली?" म्हटलं, "एका वाचकाला फारच आवडली." तो विचारतोय कोण, कोण... काय सांगू! पण मांजर कुठंय? शेपटी सोडली तर पलंगाखालीच!

चौथ्या आठवड्यात गारठा असा पडला की शाळा बंद. उणे सव्वीस. खिडकीच्या काचेला आतून बर्फ. मी आपला कार्पेटवर, प्रुफं बाजूला, एक पाय पलंगालगत पसरलेला, आणि मला पायाला काहीतरी लागलं. खाली बघितलं तर पलंगाखालून एक पंजा बाहेर आलाय आणि माझ्या मोज्यावर ठेवलाय. पंज्याची गादी थंडीनं चिरलेली, आता भरत आलेली. आणि आतून घर्रर्र, घर्रर्र... झोपलं होतं हो ते! एवढुसा पंजा, त्याचं वजन ते काय, पण मी दोन तास हललो नाही. मीटिंग चुकली, पायाला मुंग्या आल्या, मुंग्या जाऊन पायच गेला असं वाटलं, पण हललो नाही. आणि आता हसा हवं तर, पण मला भरून आलं. ज्यानं जन्मात माणसाचा हात बघितला नाही, ते माझ्या मोज्यावर हात ठेवून झोपतंय... मला ती हवी होती. गोठ्यात बिठ्यात नव्हती पाठवायची मला तिला! बघा, तिथपासून मी 'ते' म्हणायचं सोडून 'ती' म्हणायला लागलो, माझं मलाच कळलं नाही.

हिला म्हटलं, आता दोन आठवडेच राहिले, कशी येणार ग ती बाहेर? तर ही पोळी लाटता लाटता म्हणते, "मी इथं नवीन आले तेव्हा दोन महिने शेजारणीला दार उघडलं नव्हतं. मला पाठवलंत का शेतावर?"

आणि उजाडला तो शनिवार. सकाळी दहाला मार्लिस हजर, हातात फॉर्म, आज स्वेटरवर दोन मांजरं. कार्पेटवर बसली, माझ्यापेक्षा पटकन बसली. "हिअर किटी, किटी, किटी..." मांजर कुठंय? पलंगाखाली. खाऊची पुडी वाजवली. पलंगाखाली. पिसाची काडी हलवली. पलंगाखाली! मी डोळे मिटले, उघडले, मिटले. पिठल्याची कविता म्हटली, पाठ होतीच, चालीत म्हटली! शेपटी सुद्धा नाही हो! पाऊण तास झाला. मार्लिसनं पेन काढलं, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "ओ गुरू... यू डिड युवर बेस्ट. इट्स अ व्हेरी नाइस फार्म." नाइस फार्म! परक्या बाईसमोर डोळे पुसायचे कसे, म्हणून मी आपली मान वळवली आणि किचनकडे तोंड करून हाक मारली, "अगंऽ, तिघांचा चहा टाक!"

आणि मांजर बाहेर!

अहो, खरंच! तुरुतुरु चालत, शेपटी अशी ताठ झेंड्यासारखी, सरळ माझ्यासमोर आली, माझ्या गुडघ्याला डोकं घासलं आणि दाराकडे तोंड करून बसली. मार्लिसच्या हातातलं पेन पडलं. "ओऽऽ, फॉर क्यूट! गुरू! व्हॉट डिड यू से?" मी काय से! मला काय माहीत मी काय से! पेन पडल्याच्या आवाजानं ती परत आत पळाली. मार्लिस म्हणाली, "से इट अगेन!" मी म्हटलं, "चहा?" काही नाही. "तिघांचा?" काही नाही. "टाक?" काही नाही. मी वैतागून ओरडलो, "अगं, जरा इकडे ये, ही काय विचारतेय बघ!" मांजर बाहेर!

तेवढ्यात आमची ही आली दारात. चेहरा असा, की चोरी पकडली गेलीये. म्हटलं, हे काय आहे? "अहो, तुम्ही दिवसभर अगं अगं करत असता. अगं चहा, अगं चष्मा, अगं चार्जर. दर वेळी मी आत येते ना... तर येताना बोटावर थोडी साय आणायची. तुम्ही कॉलवर, पलंगाला पाठ करून बसलेले, मी पलीकडून हात आत घालायची. चाटायची बिचारी. कालपरवापासून तर हाक ऐकली की पलीकडून बाहेरच यायला लागली, तुमची पाठ तिकडे." मी म्हटलं, अगं, पण मार्लिसनं दूध द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं ना! तर ही म्हणते, "साय म्हणजे दूध नव्हे." सहा आठवडे मी गुडघे झिजवले, सदतीस कविता सोसल्या आणि मांजर माणसाळली कशानं, तर माझ्या हाकेनं आणि हिच्या सायीनं!

मार्लिसनं फॉर्म भरायला घेतला. "सो हर नेम इज... अग्गा? हाउ डू यू स्पेल दॅट?" म्हटलं, ते नाव नाही. मग काय आहे? आता 'अगं'चं इंग्रजी करून दाखवा तुम्ही! मी म्हटलं, मार्लिस, हे बायकोला हाक मारायचं असतं, नाव न घेता. ती म्हणाली, "यू डोन्ट कॉल युवर वाइफ बाय हर नेम?" आणि हिच्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला वाटलं, आता हिलाच घेऊन जाते शेतावर! मग सांगावं लागलं, की बाई, नवीन लग्न झालं तेव्हा घरात आई, वडील, आत्या. त्यांच्यासमोर बायकोला नावानं हाक मारायची लाज वाटायची. मग अगं म्हणायला लागलो, तेच तोंडात बसलं, अमेरिकेत आलो तरी उतरलं नाही. रुही लहानपणी शाळेत आईचं नाव 'अगं' सांगून आली होती!

फॉर्मवर 'अगं' लिहिलं गेलं. सही झाली. मांजर आमची झाली. मार्लिस जाताना म्हणाली, आता हाक बदलू नका हं, तिचा गोंधळ होईल. आणि ती गाडीत बसेपर्यंत हिनं शांतपणे विचारलं, "दोघींना एक हाक कशी चालेल? तिची बदलायची नाही म्हणतात. मग माझी बदला." म्हटलं, काय करू? "नाव आहे मला. नावानं मारा."

दोन दिवस मी चहाच मागितला नाही. चष्मा स्वतः शोधला. सोमवारी राहवेना. खोलीत बसलो, इकडेतिकडे बघितलं, घसा साफ केला आणि म्हटलं, "सु... सुमित्रा!"

तर ही कणकेच्या हातांनी धावत आली! "काय झालं? कुणाचा फोन? कोण गेलं?"

म्हटलं, कोणी गेलं नाही. चहा हवा होता.

ती तिथंच दारात उभी राहिली. कणकेचे हात तसेच. म्हणाली, "परत म्हणा."

"काय, चहा?"

"नाही हो. त्याच्या आधीचं."

आता तुम्हाला सांगतो, एकोणसाठ वर्षांचा माणूस मी, कान लाल झाले माझे! म्हणावंसं तर वाटत होतं, पण जिभेवर येईना, आणि ती तर हलेना. शेवटी काय करणार? एक हात पलंगावर ठेवला, एक गुडघा, देवाचं नाव, दुसरा गुडघा... उठलो, किचनमध्ये गेलो आणि चहा स्वतःच टाकला. आता दोन्ही वेळचा मीच टाकतो!