भाच्याच्या वकिलीसाठी भांडण

...अहो, सगळं कबूल! पोराच्या भल्यासाठी माणूस काय वाटेल ते करील, पण मला एवढंच सांगा, मी भांडू कुणाशी? सगळा जन्म जेऊरच्या शिवारात गेला, बैलावर कधी आवाज चढवला नाही. आमची कारभारीण मथुराबाई तर म्हणते, "तुमच्याशी भांडायचं म्हंजे भिंतीशी भांडायचं. भिंत बरी, ती निदान कवातरी पडती!" आणि अशा माणसाला लोक सांगतात, जा, एक भांडण घेऊन ये!

तुम्हाला सांगतो, झालं असं. रावजी माझा भाचा, धाकट्या बहिणीचा, सारजाबाईचा. बाप लवकर गेला, माझ्याच ओसरीवर वाढला, शिकला, वकिलीची परीक्षा पास झाला, सनद मिळाली! आम्हाला वाटलं, झालं, आता काळा कोट घालायचा आणि कोर्टात उभं राहायचं. तर तसं नसतं म्हणे! आधी एखाद्या जुन्या वकिलाच्या हाताखाली काम शिकायचं. आणि तो जुना वकील काय रस्त्यात उभा असतो, ये बाळा म्हणून? पोरगं सोलापुरात दारोदार फिरलं. जाईल तिथं एकच उत्तर, "जागा नाही." घरी आला, जेवला नाही, नुसता बसून राहिला. म्हणाला, "मामा, नव्या पेठंतले गुरुबसप्पा वकील तेवढे राहिले. त्येबी न्हाय म्हनले तर कुर्डुवाडीला रेल्वेत कारकुनी बघतो." आता रेल्वे काही वाईट नाही हो... पण पोराचा चेहरा बघवेना!

मग काय, गावभर सल्ले! एक म्हणाला, फेटा बांधून जा. दुसरा म्हणाला, फेटा बांधलास तर पक्षकारांत बसवतील, टोपी घाल. एक म्हणाला, सगळं इंग्रजीत बोल. दुसरा म्हणाला, तोंडच उघडू नको. शेवटी भेटला शरणप्पा. कोर्टात जन्मभर पुकारा करणारा शिपाई, त्यामुळं त्यानं कानात सांगितलं तरी पलीकडच्या शेतात ऐकू जातं. मला बाजूला घेऊन, गुपित म्हणून, ओरडला, "कुंडलिक! उमेदवार रिकाम्या हातानं गेला तर जागा नसती! पक्षकार घिऊन गेला की खुर्ची मिळती! एक खटला दे की पोराला!"

खटला दे! अहो, पण मी भांडू कुणाशी?

गेलो येडूकडं. येडू धनगर, माझा लहानपणापासूनचा जोडीदार. म्हटलं, "येडू, माझ्याशी भांडतोस का?"

"भांडतो की. कवा?"

"कोर्टात. तुजी मेंढरं माझ्या रानात शिरली म्हनून."

"शिरली की! दरसाल शिरत्यात!" झाला खूश.

रावजीला काही सांगितलं नाही. सरळ पोरगं, त्याला चाललं नसतं. नुसतं एवढंच म्हटलं, माझा खटला आहे, गुरुबसप्पा वकिलांकडं घेऊन चल. बिचाऱ्याला खरंच वाटलं! आणि जेऊरच्या ठेसनावर बघतो तर येडू फेटा बांधून हजर. "अरं, तू कशाला?" "वा! माझ्या मेंढरांवर खटला, आन् म्या घरी बसू व्हय?"

सोलापुरात वकिलांच्या कारकुनानं विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "फिर्यादी." येडूला कुणी विचारलंच नाही, तरी छाती काढून म्हणाला, "आन् म्या त्यो आरोपी!" कारकुनाच्या हातातला टाक खाली पडला.

गुरुबसप्पा वकील म्हणजे हे एवढं पोट आणि तोंडात पान. रावजीनं नाव सांगून हाताखाली जागा मागितली, तर ते आम्हाला बघून म्हणाले, "अय्यय्यो! फिर्यादी, आरोपी एकाच बाकावर? रावजी, तूच विचार ह्यांना. खटल्यात काय दम आहे, मला काढून दाखव."

पोराचा चेहरा उतरलेला. मामा आणि येडूमामा भांडले, ह्याचंच दुःख त्याला! विचारायला लागला.

"मामा, मेंढरं रानात शिरली?"

"शिरली."

"किती येळ हुती?"

"मुक्कामालाच हुती."

"मंग तुमी हाकलली न्हाईत?"

मी छताकडं बघायला लागलो! रावजी थांबला. त्याला उमगलं हो... मी डोळ्यांनी खुणावलं, सोड बाळा, पुढं नको. त्यानं ते पाहिलं. वकिलांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं. आणि तरी विचारलंच, "मामा, मेंढरं बोलावली कुनी?"

"मीच की रं! ती रानात बसल्याबिगर खत कुटनं मिळंल?" गेलं तोंडातून! आणि वर येडू, "व्हय, आन् त्याबद्दल मला जवारी दिली, वैनीनं जेवू घातलं!"

रावजीनं हात जोडले. "साहेब, ह्यात खटला नाही. माफ करा." आणि उठला. माझ्या डोळ्यांपुढं कुर्डुवाडीचा सगळा फलाट उभा राहिला...

तर वकील हसायला लागले! पोट धरून हसले, पान सांडलं. म्हणाले, "बस खाली. पक्षकार आणणारे रोज येतात रे. सख्ख्या मामाचा खटला बुडवणारा आज पाहिला. हेच कोर्टात समोरच्यानं विचारलं असतं तर माझी काय अब्रू राहिली असती? सोमवारपासून ये की!"

मला तर रडूच फुटलं. रावजीनं मला धरलं, येडूनं रावजीला, आणि कारकून म्हणतो, "अहो, बाहेर माणसं बसलीत!"

आता सगळं गोड झालं ना? पण शरणप्पानं ही बातमी चार लोकांच्या कानात सांगितली, म्हणजे तालुक्याला कळली! काल आमच्याच गावचे आबासाहेब आले, पुतण्याला घेऊन. "कुंडलिकराव, ह्यालाबी वकिलाकडं लावायचाय. तुमचं ते भांडण आठ दिसांपुरतं मिळंल का? नेलं तसं आनून दिऊ." मी सांगतोय, अहो, ते खोटं होतं, खोटं निघालं म्हणून तर जागा मिळाली! "आसू द्या, गुन आला की त्याला!" आता ह्यांना नाही म्हणायचं तर वाद घालायचा... आणि मी भांडू कुणाशी?

दिलं. फिर्यादी आबासाहेब झाले, पण आरोपी त्यांना येडूच पाहिजे, म्हणे सराव झालेला आहे. गेला फेटा बांधून! आता आरोपी सोलापुरात मिरवतोय, आणि इथं त्याची मेंढरं कोण राखतंय? मूळ फिर्यादी!