एकसष्ट सालचा निसटलेला चेंडू

...आणि वर मलाच विचारतात, "डेल्मर, म्युझियममध्ये तुला काम तरी काय असतं रे?" अहो, काय असतं म्हणजे? तुम्हाला सांगतो, तीस वर्षं शाळेची बस चालवली, पण एवढा ताप नाही! म्युझियम आमच्या कॉलेजच्या फुटबॉलचं, आणि फुटबॉल, म्हणजे आमचं चेंडू हातात धरून रेषेपार पळायचं ते, गावाचं दैवत. परवा एक बाई जुन्या कोचची टोपी बघून हमसून हमसून रडल्या. आता मी काय करणार? रुमाल दिला.

पण शनिवारी... शनिवारी आल्या आयडेलाकाकू, लोनीकाकांचा हात धरून. काकांच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलंय हो, बायकोचं नावसुद्धा. आणि एकसष्टच्या अंतिम सामन्यात, रेषा दोन पावलांवर असताना, चेंडू निसटला तो यांच्याच हातून! गावानं कधी विसरू दिलं नाही. पुढे त्यांनी किराणा दुकान काढलं, तर गिऱ्हाइकं म्हणायची, "काका, अंडी तुम्ही नका उचलू हं!" लहानपणी मीही म्हटलंय... काय सांगू!

आणि भिंतीवर नेमकी तीच फिल्म, सारखी, फिरून फिरून!

काकू कुजबुजल्या, "डेल्मर, बंद कर ते!"

"काकू, बटण ऑफिसात, साहेब कुलूप लावून जेवायला गेलेत..."

"मग पुढ्यात उभा राहा!"

आता मी काय करणार? राहिलो हात पसरून, बुजगावण्यासारखा! अख्खा सामना माझ्या पोटावर! तर काका खेकसले, "ए जाड्या, हो बाजूला!"

झालो. चेंडू निसटला. फिल्ममधलं ते पोरगं मैदानात तोंड झाकून बसलं, एकटंच. काकूंनी डोळे मिटून घेतले.

"अरेरे," काका म्हणाले, "कुणाचं हो पोर? घरी नेलं का त्याला कुणी?"

"नेलं की," काकू म्हणाल्या. "मीच नेलं. आईनं पीचचा केक केला होता. दोनदा मागून खाल्ला त्यानं."

"मग बरं झालं." काकांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "मनानं चांगली आहेस गं तू. लग्न झालंय तुझं?"

काकू हसताहेत की रडताहेत... आता मी काय करणार? रुमाल तर त्या टोपीवाल्या बाईंनीच नेलेला!

तेवढ्यात फिल्म पुन्हा सुरू. काकांनी आम्हा दोघांना बाकावर बसवलं. "थांबा, जाऊ नका. या खेपेला धरतो बघा तो!"

तुम्हाला सांगतो, सात वेळा बघितली. सातही वेळा मी श्वास रोखून धरला, देवाशप्पथ... नाही हो धरला त्यानं चेंडू!