गणिताच्या मॅडमचे रीडिंग

...अन् वरून म्हणते काय, तं "मॅडम, गणित म्हणजे विज्ञानाचा पाया!" अरे बाप्पा, पाया म्हणूनच जमिनीत गाडून राहिले का मले? तुमाले सांगते, हे वाक्य ऐकलं की आजकाल मी कानात बोटं घालते. खरंच घालते, थट्टा नाई करून राहिली.

मी करुणा. गणित शिकवते. कॉलेजचं नाव नाई सांगत, मध्य प्रदेशात, पांढुर्णा अन् सौसरच्या मधात कुठंतरी समजा. सरकारी कागदावर मी "अतिथी विद्वान". ऐकाले किती भारी ना? अतिथी म्हणजे कधीबी उठून जाचं, अन् विद्वान म्हणजे... जाऊ द्या! सायन्सच्या पहिल्या वर्षाच्या साऱ्या पोट्ट्यायले गणिताचा एक तास आहे, त्याच्यावर माझी खुर्ची टेकली आहे. तास गेला की मी गेली. आता हा तास ठेवाचा का काढाचा, याची मिटिंग. ठरवाले बसले कोण? सारे सायन्सवाले!

पहिले बोलले फिजिक्सचे हेमराज सर. छातीवर हात ठेवून. "मॅडम, गणित म्हणजे विज्ञानाचा पाया!" मी म्हटलं, चला, वाचलो... "पण," म्हणते, "लागते तेवढं आम्हीच सांगून देतो ना वर्गात." काय सांगता हो सर? तुमच्या वर्गातले पोट्टे माझ्याकडे येते अन् विचारते, "मॅडम, डीवाय बाय डीएक्समधला वरचा डी अन् खालचा डी कटला, तं वाय बाय एक्स उरलं, मंग एवढा पसारा काऊन?" कटला? कोणं शिकवलं रे कापाले? "सर म्हणे, समजून काय करता, पाठ करा!"

मंग केमिस्ट्रीच्या अर्चना मॅडम. बोलते किती गोड! "हो ना गं करुणा, गणित तं पायाच आहे! पण मिठासारखं, चवीपुरतं. लॉग-बिग आता मोबाइलमधीच निघते, बटण दाबलं की झालं." अन् पीएचच्या सूत्रात त्या लॉगच्या आधी ते वजाचं चिन्ह कुठून आलं, असं एखाद्या पोट्टीनं विचारलं तं? "ते असतेच," म्हणते. असतेच! आंब्याले कोय असते तसं!

बॉटनीचे गजानन सर तं रडायचेच बाकी होते. "माझे लेकरं गणिताले भिऊन बायोलॉजीत पळून आले मॅडम, तुम्ही तिथंबी हजर?" काऊन, मी वाघ आहे? अन् यायची स्वतःची पीएचडी संत्र्याच्या रोगावर. त्यातले सारे टेबल नागपूरच्या एका दुकानातून करून आणले. ते आकडे खरे का खोटे, यायले अजून माहीत नाई, त्या दुकानदाराले माहीत असन!

शेवटी प्राचार्य साहेब. "देखिए मैडम, गणित तो विज्ञान की नींव है, इसमें दो राय नहीं. लेकिन टाइमटेबल में जगह नहीं है." पायाले जागा नाई अन् वर माळे चढवून राहिले! झालं, तास कटला. तो डी कटला ना, तसाच.

अन् दुसऱ्या दिवशी, लाज पहा यायची, हेच हेमराज सर माझ्या दारात! प्रॅक्टिकलची परीक्षा आली होती. आमच्याकडची रीत तुमाले माहीत नसन. लॅबमधी पेंडुलम आहे, पण त्याचा दोरा तुटला तो तुटलाच. कोणी बांधत नाई. धरतीच्या ओढीचं उत्तर तं पुस्तकात छापलंच आहे, नऊ दशांश आठ. मंग त्या उत्तरावरून उलटं चालत जाचं अन् रीडिंग बनवाचे. बनवते कोण? मी! "मॅडम, जरासे कमीजास्त ठेवजा बरं, खरे वाटले पायजे." म्हणजे गणित कायले पायजे? खोट्याले खऱ्याचे कपडे घालाले!

मंग मीबी ठरवलं. लॅबच्या फळ्यावर असे रीडिंग लिहून देल्ले की उत्तर सरळ पन्नासच्या घरात जाईन. धरतीले एवढी ओढ असती ना, तं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार होते ना, त्यात नदीच्या सावरगावच्या काठावरून पांढुर्ण्यावर फेकलेला गोटा फेकणाऱ्याच्याच पायावर पडला असता! म्हटलं, बाहेरून परीक्षक येईन, आकडेमोड करीन, बोंब होईन, अन् मंग सारे डोकं धरून म्हणतीन, गणिताचा तास ठेवाले पायजे होता!

परीक्षक आले. संत्रे खाल्ले. ढेकर देल्ला. पोट्ट्यायनं काय केलं होतं? वर माझे रीडिंग जसेच्या तसे उतरवले अन् खाली डोळे मिटून लिहिलं, नऊ दशांश आठ! एकानं, एकानंबी गुणून पाहिलं नाई! हेमराज सरनं तपासलं, बरोबरच्या खुणा. परीक्षकानं उर्वशी नावाच्या पोट्टीले विचारलं, "ये रीडिंग तुमने खुद लिए?" ते म्हणते, "जी सर." "बहुत सुंदर! एकदम सटीक!"

मले राहवलं नाई. मी म्हटलं, "सर, जरा गुणून तं पहा ना." त्यायनं चष्म्यावरून पाहिलं माझ्याकडे. "आप गणितवाली हैं क्या?" म्हटलं, हो. "वाह! गणित तो विज्ञान की नींव है." अन् सही ठोकून देल्ली!

साऱ्या कॉलेजची वाहवा झाली. प्राचार्य साहेबानं बोलावलं. "मैडम, पीरियड तो गया, पर आप मत जाइए. अतिथी को हम कहीं भी बिठा सकते हैं." आता तुमाले सांगते, मी फिजिक्सच्या लॅबमधी बसते. पेंडुलमचे रीडिंग बनवते, केमिस्ट्रीचे बनवते, गजानन सरच्या पानांची लांबी-रुंदी बनवते, न मोजलेल्या पानांची! नोकरी वाचली, गणित गेलं.

काल अर्चना मॅडमनं खांद्यावर हात ठेवला अन् म्हणे, "करुणा, आता तू खरी सायन्सवाली झाली गं!"

...झाली बाप्पा. काय करता?